घाणीला सबसिडी जातीची



गोदीत बोट नसली की मुकादम आम्हाला कुठंही पाठवतो. मागल्या थंडीत एका इंजिनिअरिंग कॉलेजात पाठवलं. कॉलेजचं नाव सांगत नाही. एकाला नाव घेऊन झोडपायचं आणि बाकीच्या शंभरांना मोकळं सोडायचं, यात काही अर्थ नाही. तिथं परिषद भरली होती. दारावर कापडी फलक: छोट्या उद्योगांसाठी टिकाऊ तंत्रज्ञान आणि शून्य कचरा. आम्ही चौघांनी टेम्पोतून कातडं कमावायचा एक नमुन्याचा ढोल उतरवला, दोन जिने चढवला, हॉलच्या कोपऱ्यात उभा केला. घाम पुसत वर बघितलं तर भिंतीवर माणसाएवढा फोटो. फोटोत एक कुंड. कुंडात हिरवट पाणी. पाण्यात कातडं. कातड्याला धरलेले दोन हात, कोपरापर्यंत. कोपराच्या वर काहीच नाही. खांदा नाही, तोंड नाही, माणूस नाही. खाली ओळ: ‘जुनी पद्धत – पाण्याचा आणि रसायनांचा अपव्यय.’

कोटातले एक सर जवळ उभे होते. मी विचारलं, “सर, हे हात कोणाचे?”

सर भले होते. हसले. म्हणाले, “तो प्रातिनिधिक फोटो आहे.” मग म्हणाले, “तुमची पावती घेतलीत ना?”

पावती घेतली. पण प्रश्न तिथंच टाकून यायला मी काय ढोल नव्हतो. तो प्रश्न इथं मांडतो. ह्या सरांच्या टेबलावर आपलं मासिक जाणार नाही, मला ठाऊक आहे. तुमच्या हातात येतं. तुमच्यातला कुणी डिप्लोमाला आहे, कुणी बीई करतोय, कुणी माझ्यासारखा दहावी होऊन पाठीवर गोण्या वाहतोय. ह्या प्रश्नाचं उत्तर आपल्यालाच काढायचंय.

आधी हातांची ओळख करून देतो.

ते हात माझ्या बापाचे नव्हते, पण असू शकले असते. आम्ही ढोर. जनावराचं नाव आणि माणसाच्या जातीचं नाव एकच, असा शब्दकोश ह्याच देशात तयार होतो. आजा सोलापूरकडच्या खेड्यात बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडं कमवायचा. कातड्याची पिशवी शिवायची, टांगायची, वरून सालीचं पाणी ओतायचं, खाली ठिबकलेलं गोळा करून परत वर ओतायचं. दिवसच्या दिवस. मेला तेव्हाही त्याची नखं तपकिरी होती. बाप धारावीत आला आणि क्रोमच्या ढोलावर लागला. त्याची बोटं चुन्यानं खाल्ली. पेरांना चिरा, चिरांत मीठ. रात्री आई खोबरेल कोमट करून लावायची, वास सहन होईना म्हणून तोंड फिरवायची, आणि तोंड फिरवलं म्हणून रडायची. कारखाना बंद पडला तेव्हा मालकाला जागेचे पैसे मिळाले. बापाला त्याचे हात परत मिळाले, वापरून झालेले. आणि मी? कंटेनर यार्डात कधी कधी हिरव्या भुकटीच्या गोण्या येतात, पंचवीस-पंचवीस किलोच्या. क्रोम. ती मी पाठीवर वाहतो. तीन पिढ्यांत आमची प्रगती ती एवढी. कुंडातनं गोणीखाली.

तर आता कातडं कमावणं म्हणजे काय ते नीट समजून घ्या. शिव्या देण्याआधी हिशोब यायला हवा.

कच्चं कातडं सडू नये म्हणून त्याला मीठ लावतात, वजनाच्या तीस-चाळीस टक्के. मग भिजवून ते मीठ धुऊन काढतात. मग चुना आणि सोडियम सल्फाइड लावून केस काढतात. मग चुना काढतात, आम्लाच्या आणि मिठाच्या पाण्यात बुडवतात, त्याला पिकलिंग म्हणतात. मग क्रोमचं पाणी. मग क्षार घालून क्रोम कातड्यात पक्का बसवतात. जुन्या रीतीनं एक टन कच्च्या कातड्यामागं ३० ते ४० हजार लिटर पाणी घाण होतं आणि हाती येतं साधारण २०० ते २५० किलो चामडं. ढोलात टाकलेल्या क्रोमपैकी कातडं पितं ६० ते ७० टक्के. बाकीचं नाल्यात. आज्याच्या सालीच्या रीतीला आठवडेच्या आठवडे लागायचे, क्रोमनं ते काम एका दिवसावर आणलं. म्हणून आज जगातलं बहुतेक चामडं क्रोममध्येच होतं.

गंमत बघा. हा धंदा मुळात कचऱ्याचाच. खाटीकखान्यातून जे फेकून द्यायचं ते उचलायचं आणि त्याचे बूट, पट्टे, बॅगा करायच्या. ‘कचऱ्यातून संपत्ती’ ही घोषणा आज परिषदेच्या फलकावर आली. आमच्या बापजाद्यांनी ती हजार वर्षं अंगावर वागवली. संपत्ती कुणाकडं गेली आणि कचरा कुणाकडं राहिला, हे फलकावर नव्हतं.

आता शास्त्रज्ञांचं जे देणं आहे ते देऊन टाकतो. चेन्नईला केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे, १९४८ पासूनची. तिथल्या लोकांनी खरं काम केलंय. केस काढायला सल्फाइडच्या जागी एन्झाइम आणलं. नाल्यात जाणारा क्रोम मॅग्नेशियम ऑक्साइडनं खाली बसवायचा, गाळ गंधकाच्या आम्लात विरघळवायचा आणि परत ढोलात घालायचा, ही रीत बसवली. अलीकडं तर क्रोम देताना वेगळं पाणीच लागत नाही असं तंत्र काढलं. पिकलिंग गेलं, शेवटी क्षार घालायची पायरी गेली, क्रोम १५ ते २० टक्के कमी लागायला लागला. हे कौतुकाचं आहे. मी गोण्या वाहणारा माणूस आहे, एक गोण कमी झाली तर काय होतं ते मला कुणी शिकवू नये.

आपल्यातले काही जण म्हणतात, विज्ञान हे त्यांचं आहे, आपली ती भानगड नाही. साफ खुळेपणा. विज्ञान त्यांचं असतं तर बाबासाहेब मजूरमंत्री म्हणून १९४२ ते १९४६ धरणं, नद्या आणि वीज यांच्या योजनांमागं का लागले असते? माणसाच्या पाठीवरचं ओझं यंत्रानं उचलावं आणि माणसाला माणूस व्हायला वेळ मिळावा, हे आपलंच मागणं आहे. तेव्हा माझी तक्रार विज्ञानाबद्दल नाही. तक्रार हिशोबाबद्दल आहे. हिशोब खोटा मांडलाय.

कसा खोटा?

इंजिनिअर लोक ताळेबंद मांडतात. आत किती गेलं, बाहेर किती आलं. पाणी, मीठ, क्रोम, चुना, वीज. ह्या बाजूचं आणि त्या बाजूचं जुळलं पाहिजे, कारण वस्तू नाहीशी होत नाही, जागा बदलते. हा नियम खरा आहे. तो जरा शेवटपर्यंत लावून बघू.

तामिळनाडूत, जुन्या वेल्लोर जिल्ह्यात, चामड्याच्या कारखान्यांनी विहिरी आणि शेतं नासवली. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, प्रदूषण करील त्यानं किंमत मोजावी. चांगला निकाल. मग छोट्या कारखान्यांनी मिळून पाणी शुद्ध करायची सामायिक केंद्रं उभारली. नाल्यात थेंब सोडायचा नाही, असा दंडक आला. पाणी गाळून परत वापरायला लागले. चांगलं झालं. पण पाण्यातलं मीठ कुठं गेलं? त्याचे ढीग लागले. घाण मीठ, कुणी घेईना. गाळ कुठं गेला? टाक्यांत साठला. ३१ जानेवारी २०१५ च्या रात्री राणीपेटला अशाच एका सामायिक केंद्रातल्या गाळाच्या टाकीची भिंत फुटली. शेजारच्या कारखान्यात दमून झोपलेले दहा कामगार त्या गाळात बुडून मेले. बहुतेक पोरं पोटासाठी बंगालातून आलेली.

पुन्हा वाचा. नदी वाचवायला बांधलेल्या केंद्राचा गाळ. झोपेतली माणसं. नदीचा कचरा कमी झाला. तो जागा बदलून कुठं आला ते त्या दहांच्या नाकातोंडाला विचारा. नियम खोटा नव्हता. ताळेबंद अर्धवट होता. त्यात टाकी होती, गाळ होता, टाकीशेजारी कोण झोपतं त्याचा रकाना नव्हता.

दुसरं उदाहरण, रोजचं. केस काढायच्या सल्फाइडचं पाणी आणि पिकलिंगचं आम्ल एकाच गटारात भेटलं की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असला तर कुजक्या अंड्यासारखा वास. जास्त असला तर वास येणंच बंद होतं, कारण नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून माणसाला वाटतं धोका गेला, तो आणखी एक पायरी खाली उतरतो, आणि तिथंच पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो. तोही पडतो. दोन पाणी दोन वेगळ्या गटारांनी न्यायची, एवढं साधं काम. त्याला पीएचडी लागत नाही, दुसरं गटार बांधायला पैसे लागतात. मग ते का बांधत नाहीत?

इथं मुद्द्यावर येतो. हा मुद्दा नीट धरा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

नवं यंत्र घ्यावं का, याचा हिशोब मालक आणि सल्लागार कसा करतात? यंत्राची किंमत किती, त्यानं वर्षाला वाचतं किती, पैसे किती वर्षांत फिटतात. समजा एक यंत्र दहा लाखांचं आहे आणि ते कुंडात उतरणाऱ्या तीन माणसांचं काम करतं. तिघांना महिन्याला दहा-दहा हजार देतात. वर्षाचे तीन लाख साठ हजार. म्हणजे यंत्राचे पैसे फिटायला पावणेतीन वर्षं. सल्लागार चष्मा पुसतो आणि लिहितो: छोट्या उद्योगाला परवडणारं नाही. आता त्याच तिघांना त्या घाणीत उतरायचा खरा भाव द्या. पगार, हातमोजे, बूट, दवाखाना, विमा, म्हातारपणाची सोय, सगळं मिळून महिन्याला माणशी पंचवीस हजार धरा. वर्षाचे नऊ लाख. तेच यंत्र सव्वा वर्षाच्या आत फिटतं. सल्लागार आता लिहील: अत्यंत किफायतशीर.

यंत्र तेच. ढोल तोच. विज्ञान तेच. बदललं काय? माणसाचा भाव. आणि हा भाव बाजारात ठरत नाही, दोस्तांनो. तो जन्माला ठरतो. बाजाराचा नियम म्हणतो, काम जेवढं घाण आणि धोक्याचं तेवढी मजुरी जास्त, नाहीतर माणूस येणार नाही. आपल्या देशात उलटं. काम जेवढं घाण तेवढी मजुरी कमी, कारण त्या कामाला जन्मानं बांधलेली माणसं आयती आहेत, दुसरीकडं त्यांना कुणी उभं करत नाही. १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ लिहिताना बाबासाहेबांनी दाखवून दिलं की जातीनं नुसती कामं वाटली नाहीत, काम करणारेच एकमेकांपासून तोडून कप्प्यात घातले. त्याचा इंजिनिअरिंगमधला अर्थ हा असा.

जात ही घाणेरड्या तंत्राला मिळणारी सबसिडी आहे. सरकारच्या अंदाजपत्रकात ती दिसत नाही. मालकाच्या वहीत दिसत नाही. संशोधकाच्या ताळेबंदात दिसत नाही. पण चांगलं तंत्र ‘परवडत नाही’ असं जिथं जिथं लिहिलेलं दिसेल तिथं खणून बघा, खाली आपल्यातलाच कुणीतरी स्वस्तात पुरलेला सापडेल.

गटाराचंच बघा. २०१३ चा कायदा म्हणतो, संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला गटारात आणि सेप्टिक टाकीत उतरवायचं नाही. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्यायला सांगितले, २०२३ साली तीस लाख. मरणाचा भाव तिप्पट झाला, मरण थांबलं नाही. आणि यंत्र नाही म्हणावं तर २०१८ साली केरळात तरुण इंजिनिअरांनी गटारात उतरणारं यंत्र करून दाखवलं. म्हणजे बुद्धीची टंचाई नव्हती. चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशाला मॅनहोलमध्ये लोखंडी हात उतरवता येत नाही, हे कुणी सांगायला आलं तर त्याच्या तोंडावर हसा. येतं. पण आमचा हात स्वस्त आहे.

आता दुसऱ्या टोळीकडं वळतो. ही टोळी कोट घालत नाही, खादी घालते. ही म्हणते, क्रोम वाईट, कारखाना वाईट, तुमच्या आज्याची बाभळीची सालच खरी. निसर्गाशी मैत्री. कचरा शून्य. परत तिकडंच चला.

ही हाक नवी नाही. १९३४ साली गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये खेड्यातल्या चर्मोद्योगावर लिहिलं, वर्ध्याजवळ नालवाडीला चर्मालय चाललं. मेलेल्या जनावराचं कातडं, हाडं, चरबी, काही वाया जाऊ द्यायचं नाही. तंत्र म्हणून ह्यात खोट नाही. आजच्या परिषदेत वाचून दाखवलं तर टाळ्या पडतील. पण ते जनावर ओढायचं कुणी?

आपल्या लोकांनी १९२७ च्या महाडनंतर गावोगाव मेलेलं मांस सोडलं, मेलेली ढोरं ओढणं सोडलं. तेव्हा काय झालं ते १९५६ च्या १५ ऑक्टोबरला, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, बाबासाहेबांनी नागपुरात स्वतः सांगितलं. ‘केसरी’त पत्रं यायची. कातडं, शिंगं, खुरं, हाडं यांचा हिशोब मांडून दाखवायचे, बघा महार किती मोठ्या फायद्याला मुकतायत. बाबासाहेबांनी उलट विचारलं, एवढा फायदा आहे तर तुम्हीच का ओढत नाही? ओढा, फायदा तुम्हीच घ्या, वर मी पदरचे पैसे देतो. त्या पैशाला हात लावायला कुणी आलं नाही. कचऱ्यातून संपत्तीच्या अर्थशास्त्राला याहून मोठं उत्तर मी वाचलेलं नाही. त्याच नागपुरात दोनच वर्षांनी, १९५८ साली, सार्वजनिक आरोग्य इंजिनिअरिंगची राष्ट्रीय संशोधन संस्था उभी राहिली, जिला १९७४ पासून ‘नीरी’ म्हणतात. सांडपाण्यावर तिथं पुष्कळ संशोधन झालं. पण दीक्षाभूमीवर विचारलेला तो प्रश्न, म्हणजे फायदा आहे तर तुम्ही का येत नाही, हा देशातल्या कुठल्या प्रयोगशाळेच्या प्रश्नपत्रिकेत आला?

आणि जे त्या कामात राहिले त्यांचं काय झालं? जुलै २०१६, गुजरातेतलं उना. मेलेल्या गायीचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना गाडीला बांधून सळ्यांनी फोडलं, आणि त्याचा व्हिडिओ काढला. त्यानंतर तिथल्या दलितांनी मेलेली जनावरं सुरेंद्रनगरच्या सरकारी कचेरीपुढं नेऊन टाकली. तुमची गाय, तुम्ही बघा. तेव्हा कुठं शहरांना कळलं की गावाची स्वच्छता ही आमच्या मुकाट्यानं राबण्यावर चाललेली होती. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानं बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हणजे एका तोंडानं म्हणायचं परंपरा जपा, दुसऱ्या तोंडानं त्या परंपरेचा कच्चा माल गुन्ह्यात घालायचा.

तिसरी गंमत कोल्हापुरीची. साल-हिरड्यात कमावलेल्या चामड्याची चप्पल. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये इटलीत मिलानला एका बड्या फॅशनवाल्यानं तसलीच चप्पल मॉडेलांच्या पायात घालून फिरवली, कोल्हापूरचं नाव न घेता. सगळ्या महाराष्ट्राची अस्मिता जागी झाली. चपलेचा अपमान! बरोबर आहे, चोरी ती चोरीच. पण चपलेसाठी जागी झालेली ही अस्मिता ते चामडं कमावणाऱ्या ढोराच्या आणि शिवणाऱ्या चांभाराच्या मजुरीसाठी किती रात्री जागली? मानांकन चपलेला मिळतं. ती पायात असते तरी तिला मान मिळतो. आमचं मानांकन अजून गावकुसाबाहेर ठरतं.

म्हणून सांगतो, मला ह्या दोन्ही टोळ्या एकाच घरच्या वाटतात. एक म्हणते यंत्र परवडत नाही, हात घाला. दुसरी म्हणते यंत्र वाईट आहे, हात घाला. हात मात्र आमचाच.

आता एक खरी अडचण आहे, ती लपवणार नाही. कोणी विचारील, अरे, छोटा कारखानदार म्हणजे काय टाटा-बिर्ला आहे? त्यातले कितीतरी आपलेच लोक आहेत. कर्ज काढून दोन ढोल टाकलेत. तू मजुरी वाढव म्हणतोस, दोन गटारं बांध म्हणतोस, तो बसेल खाली, आणि कामगार रस्त्यावर येईल. तुझा बाप आला तसाच.

हे खरं आहे. कारखाना बंद पडला तेव्हा नाला स्वच्छ झाला असेल, आमच्या घरी चूल बंद होती. ‘प्रदूषण थांबवा’ म्हणत आधी छोट्याला टाळं लावायचं आणि मग त्याचा माल मोठ्यानं घ्यायचा, हा खेळही मी ओळखतो. पण विचार करा, छोटा मालक स्वस्त का विकतो? कारण वरचा व्यापारी, निर्यातदार आणि परदेशी ब्रँड त्याला भावात दाबतो. तो खाली कामगाराला दाबतो. कामगार कुणाला दाबणार? त्याच्या खाली फक्त कुंड आहे. किंमत उतरत उतरत तळाला जाते आणि तळाला आपण आहोत. प्रदूषण करील त्यानं किंमत मोजावी, हे १९९६ ला ठरलं ना? मग बुटाच्या खोक्यावर ज्याचं नाव छापलेलं असतं त्यानं मोजावी. सामायिक केंद्राचा खर्च, वेगळ्या गटाराचा खर्च, यंत्राच्या कर्जाचं व्याज वरून खाली येऊ दे. घाण खालून वर जात नसेल तर निदान पैसा तरी वरून खाली यावा.

तर संशोधकांकडं आपलं मागणं काय? भीक नाही, रकाने मागतोय. छोट्या उद्योगाच्या, कचऱ्याच्या, सांडपाण्याच्या प्रत्येक संशोधन अहवालात पाणी, क्रोम, वीज यांच्या शेजारी चार रकाने घाला.

एक, हात. ह्या तंत्रात माणसाची कातडी कुठल्या पायरीला रसायनाला लागते, किती वेळ?

दोन, श्वास. माणूस कुठल्या बंद जागेत उतरतो, आणि उतरलाच नाही तर काम होतं का?

तीन, भाव. यंत्र परवडतं की नाही हे ठरवताना मजुरी कुठली धरली? आजची लाचारीची, की माणसासारखं जगायला लागते ती?

चार, जन्म. हे काम आज कुठल्या जातीची माणसं करतात, आणि तुमचं तंत्र आल्यावर दुसरं कुणी करायला येईल का?

चौथा रकाना वाचून सरांना घाम फुटेल. म्हणतील, हा समाजशास्त्राचा विषय, आमचा नाही. का बरं? जो घटक बदलला की यंत्र पावणेतीन वर्षांऐवजी सव्वा वर्षात फिटतं, तो इंजिनिअरिंगचा घटक नाही? मग तुमचं इंजिनिअरिंग कसलं? ते वाण्याच्या वहीवर केलेलं रंगकाम.

आणि सगळ्या तंत्रांना आपली एकच कसोटी. स्वच्छ तंत्र कशाला म्हणायचं? नाल्याचं पाणी बाटलीत भरून दाखवू नका. ज्या कामावर त्याच पगारात त्या प्राध्यापकाचा पोरगा लाज न वाटता, जीव मुठीत न धरता उभा राहील ते काम स्वच्छ. जोवर तिथं फक्त माझाच पोरगा उभा राहतो तोवर तुमचा कचरा शून्य झालेला नाही. त्यातला एक नग तुम्ही मोजलेलाच नाही.

आता तुमच्याशी बोलतो. भाषणं पुष्कळ झाली. आपल्या वस्तीतल्या ज्या पोराला गणित येतं त्याला कारकुनीच्या परीक्षांत सडवू नका. त्याला पॉलिटेक्निकला घाला, रसायनशास्त्राला घाला, त्या चेन्नईच्या आणि नागपूरच्या प्रयोगशाळांच्या दारात उभा करा. आपल्या बापाची बोटं बघून जो प्रयोगशाळेत जाईल त्याला पाचवा रकानाही सुचेल, जो मला सुचला नाही. आणि जे कुंडावर, ढोलावर, गटारावर आहेत त्यांनी आपलं ज्ञान फुकट देऊ नका. कातडं पिकलं की नाही हे माझा बाप अंगठ्यानं दाबून सांगायचा. मोजणी करणारे यायचे, त्याला विचारायचे, वहीत लिहून न्यायचे. वहीवर त्याचं नाव कधी आलं नाही. ‘स्थानिक कामगार’ एवढंच. पुढच्या वेळी वहीवाला आला की आधी विचारा, आमचं नाव कुठं लिहिणार? पहिल्या पानावर की कोपराच्या खाली?

त्या दिवशी संध्याकाळी परिषद संपली आणि ढोल परत खाली न्यायला आम्हीच गेलो. हॉल रिकामा. खुर्च्यांवर कागदी पेले, नाश्त्याच्या डिशा, पाण्याच्या अर्ध्या भरलेल्या बाटल्या. शून्य कचऱ्याच्या परिषदेचा कचरा. झाडायला एक बाई आली होती. माझ्या आईच्या वयाची. फोटोतले ते दोन हात भिंतीवर तसेच होते, आणि त्यांच्या खाली ती वाकून बाटल्या गोळा करत होती.

मी तिला विचारलं, “मावशी, नाव काय तुमचं?”

तिनं आधी दाराकडं बघितलं, कुणी साहेब आहे का. मग नाव सांगितलं. आडनावासकट.

एवढंच काम होतं, सर. पावतीपेक्षा लहान.

जयभीम.